खोकला थांबला तरी दमा असतोच: अमेरिकेतली लॅटिनो मुलं आणि घरोघरचं दमाशिक्षण

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-आकडेवारीत 'हिस्पॅनिक', म्हणजे साधारणपणे लॅटिनो, असा एक रकाना असतो. मेक्सिको, पोर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, क्युबा, ग्वाटेमाला, एल साल्वाडोर अशा कितीतरी ठिकाणची कुटुंबं त्या एकाच रकान्यात बसवलेली असतात. मुलांच्या दम्याचा विषय निघाला की हा रकाना चक्क दिशाभूल करतो. पोर्तो रिकन मुलांमध्ये दम्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आहे. मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये मात्र ते गोऱ्या मुलांइतकं किंवा त्याहूनही कमी भरतं. दोघांची सरासरी काढली की आकडा दिसतो मध्यम, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रात्री दोन वाजता उठून बसलेलं, धाप लागलेलं मूल त्या सरासरीत हरवून जातं.

हा फरक का, याचं एका ओळीत देण्यासारखं उत्तर नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एस्तेबान बुर्चार्ड आणि त्यांचे सहकारी लॅटिनो मुलांच्या दम्याचा अनेक वर्षं अभ्यास करत आले आहेत. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं, की तातडीच्या पंपातल्या अल्ब्युटेरॉलचा गुण पोर्तो रिकन रुग्णांना मेक्सिकन रुग्णांपेक्षा कमी येतो. आपल्याकडे सॅल्ब्युटामॉल म्हणतात ते हेच औषध. म्हणजे काही भाग रक्तातून, वारशाने येत असावा. पण २०१३ मध्ये त्यांच्याच गटाने लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलांबद्दल आणखी एक गोष्ट मांडली. आयुष्याच्या पहिल्या वर्षात वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड जितका जास्त, तितकी पुढे दमा होण्याची शक्यता जास्त. आणि मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत आलेल्या मुलांपेक्षा अमेरिकेतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये दमा जास्त आढळतो, हेही वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलं आहे. रक्त तेच, घर आणि हवा वेगळी.

तरीही मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिसरा भाग, कारण तो माणसांच्या हातात आहे: दमा झालेल्या मुलाच्या घरच्यांना दमा म्हणजे काय हे कुणी, कधी, कुठे आणि कोणत्या भाषेत समजावलं.

आत नेमकं काय होतं

श्वासनळ्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं. दमा असलेल्या मुलाचं हे अस्तर कायम थोडं सुजलेलं, चिडलेलं असतं. धूळ, धूर, झुरळांची विष्ठा, थंड हवा, साधी सर्दी यांपैकी काहीही निमित्त झालं की तीन गोष्टी पाठोपाठ घडतात. सूज वाढते, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि आत चिकट कफ साठतो. वाट अरुंद झाली की हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून छातीत शिट्टी वाजते, म्हणून मूल खोकून खोकून थकतं, आणि रात्री आणि पहाटे हा त्रास जास्त होतो.

औषधंही त्यामुळे दोन जातींची. एक तातडीचं, आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करणारं. दुसरं रोजचं, हळूहळू सूज उतरवणारं. हे बहुतेक वेळा श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड असतं. तातडीचं औषध घेतलं की मुलाला लगेच बरं वाटतं. रोजचं औषध घेतलं की लगेच काहीच वाटत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे. जे दिसतं त्यावर विश्वास बसतो. पाऊस नसताना, ऊन कडक असतानाच कौलं शाकारून घ्यावी लागतात. गळायला लागल्यावर वर चढून उपयोग नसतो. रोजचं औषध हे असं उन्हाळ्यातलं काम आहे, आणि ज्या आईला आज मुलाला काहीही त्रास दिसत नाही तिला ते पटवणं हे दमाशिक्षणातलं सगळ्यात अवघड काम.

हे किती अवघड आहे ते ईस्ट हार्लेममध्ये मोजून पाहिलं गेलं. हा न्यूयॉर्कचा जुना पोर्तो रिकन मोहल्ला, तिथले लोक त्याला 'एल बारिओ' म्हणतात. तिथल्या रुग्णालयात दम्याने दाखल झालेल्या प्रौढांना विचारलं, तर ५३ टक्क्यांचं म्हणणं पडलं की लक्षणं असतात तेव्हाच आपल्याला दमा असतो. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. असं मानणारे लोक रोजचं औषध कमी घेतात, हेही त्यात दिसलं. मोठ्यांची ही समजूत असेल, तर त्यांच्या घरातल्या मुलांचं काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. तिथून थोडं उत्तरेला वॉशिंग्टन हाइट्समध्ये डॉमिनिकन आयांशी बोलून केलेला एक छोटा अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात बहुतेक आयांनी सांगितलं की प्रतिबंधासाठी लिहून दिलेलं औषध आम्ही देत नाही, त्याऐवजी घरचे 'सुमो' देतो. म्हणजे वनस्पतींचे रस, मध, तेल यांपासून केलेली चाटणं.

या आया अडाणी नव्हत्या, बेफिकीर तर मुळीच नव्हत्या. रोज स्टिरॉइड म्हटलं की कुठल्याही आईच्या पोटात गोळा येतो. त्यांचा तर्क सरळ होता: मूल बरं आहे, मग औषध कशाला? या तर्कात चूक एकाच जागी आहे. मूल बरं दिसत असतानाही अस्तराची सूज पूर्ण गेलेली नसते, ही गोष्ट त्यांना कुणी नीट सांगितलेली नाही.

घरचे उपाय, आणि त्यांच्याशी कसं बोलावं

पोर्तो रिकन आणि डॉमिनिकन घरांत 'सिएते हाराबेस' नावाचं एक गोड सरबत खोकल्यावर देतात. नावाप्रमाणे सात सरबतांचं मिश्रण. छातीला, पाठीला, अगदी तळपायांनाही व्हिक्स चोळतात. घरात चिवावा जातीचं छोटं कुत्रं पाळलं की मुलाचा दमा कुत्र्यात जातो, असंही अनेक लॅटिन अमेरिकन घरांत मानतात. दवाखान्यात डॉक्टरांनी हे ऐकून भुवया उंचावल्या, की आई पुन्हा कधी काही सांगत नाही. ती मान डोलावते, 'सी, दोक्तोर' (हो, डॉक्टर) म्हणते, आणि घरी जाऊन तिला पटतं तेच करते.

चांगले शिक्षक आधी विचारतात. तुम्ही काय देता? कुणी शिकवलं? त्याने काय फरक पडतो? मग उपायांची वर्गवारी करतात. बरेचसे निरुपद्रवी असतात, ते राहू दे म्हणतात. आजीने दिलेलं सरबत आणि डॉक्टरांचा पंप एकाच घरात नांदू शकतात. जे धोक्याचे असतात त्यांबद्दल मात्र स्पष्ट सांगतात. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्याने बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. कापूर असलेली मलमं पोटात जाता कामा नयेत, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती चोळूही नयेत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मूल वाकवून वाफ देताना भाजण्याचे अपघात होतात. कुत्र्याची किंवा मांजराची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या गादीत ते प्राणी नकोत. इतकं आदराने सांगितलं की बहुतेक आया ऐकतात.

स्टिरॉइडच्या भीतीबद्दलही खरं तेच सांगावं. 'काही होत नाही' असं म्हणून आईची बोळवण केली, तर ती दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शोधते आणि डॉक्टरांवरचा विश्वास उडतो. खरं असं आहे: अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या मुलांना अनेक वर्षं रोज ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडचा पंप देऊन मोठेपणापर्यंत त्यांची उंची मोजली गेली. औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा ती सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तराजूच्या एका पारड्यात हे एक-सव्वा सेंटिमीटर, आणि दुसऱ्यात अटॅक, रुग्णालय, बुडालेली शाळा, क्वचित मृत्यू. हा हिशोब आईसमोर उघड मांडला की ती स्वतः ठरवू शकते, आणि बहुधा शहाणपणानेच ठरवते.

हीच भीती मराठी घरांतही आहे. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' ही वाक्यं आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहेत. मुलगी असेल तर 'दमा' हा शब्दच नको, पुढे लग्नात अडचण येईल, म्हणून 'ॲलर्जीचा खोकला' म्हणत वर्षं काढणारी घरं कमी नाहीत. पंपाची सवय लागत नाही. गोळी किंवा सिरप पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं; पंपातलं औषध थेट नळ्यांपर्यंत जातं, म्हणून फार थोडं पुरतं.

पंप हातात दिला, पण

पंप घेता येणं हे एक कसब आहे, आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही. बहुतेक मुलं, आणि बरेच मोठेही, तो चुकीचा घेतात. मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढतो, खरं तर औषध घशावर आदळून संपलेलं असतं.

स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. तो लावून पंप कसा घ्यायचा ते एकदा सावकाश पाहू. टोपण काढायचं आणि आत काही अडकलंय का बघायचं. दप्तरात किंवा खिशात फिरलेल्या पंपात कागदाचा कपटाही सापडतो. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी काही फवारे हवेत सोडायचे. मग जोरात हलवायचा, स्पेसरला जोडायचा. मूल ताठ बसलेलं किंवा उभं. श्वास सावकाश पूर्ण बाहेर. नळी दातांमध्ये, ओठ तिच्याभोवती घट्ट मिटलेले. एकच फवारा दाबायचा आणि मग हळू, खोल श्वास आत घ्यायचा. काही स्पेसर श्वास फार वेगाने ओढला की शिट्टी वाजवतात. मुलांना ती वाजवायला मजा येते, म्हणून 'शिट्टी वाजली नाही पाहिजे' हा खेळ आधीच ठरवून घ्यावा लागतो. मनात दहा आकडे होईपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा फवारा हवा असेल तर साधारण मिनिटभर थांबून, पुन्हा हलवून. अगदी लहान मूल असेल तर मास्कचा स्पेसर नाकातोंडावर घट्ट धरायचा आणि पाच-सहा साधे श्वास मोजायचे. स्टिरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरशीचा थर धरतो.

शिकवणाऱ्याने हे सगळं करून दाखवल्यावर म्हणायचं: आता तुम्ही मला दाखवा. आईने दाखवायचं, मुलाने दाखवायचं, आणि संध्याकाळी मूल ज्या आजीकडे असतं तिनेही दाखवायचं. 'समजलं ना?' या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. चूक दिसते ती हात हलायला लागल्यावरच.

ब्रॉन्क्समध्ये आणखी एका पायरीवर घात होतो, तो औषधाच्या बाटलीवर. तिथल्या औषधदुकानांत संगणकाने स्पॅनिशमध्ये छापलेली लेबलं तपासली गेली, तेव्हा निम्म्या लेबलांवर चुका सापडल्या. हा अभ्यास २०१० चा. काही लेबलं अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश होती. इंग्रजीतला 'वन्स', म्हणजे दिवसातून एकदा, हा शब्द तसाच राहून गेला आणि स्पॅनिश वाचणाऱ्याने तो वाचला, तर त्याच अक्षरांचा अर्थ 'अकरा' होतो. दिवसातून अकरा वेळा. दवाखान्यात दुभाषा नसला की आठ-दहा वर्षांचं मूलच आई आणि डॉक्टर यांच्यात मध्यस्थी करतं. स्वतःच्या आजाराबद्दल आईला काय सांगायचं आणि काय गाळायचं, हे ओझं त्या मुलावर पडतं. अमेरिकेच्या आरोग्य कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने आणीबाणी सोडून मुलांना दुभाषा म्हणून वापरता कामा नये, आणि दुभाषा मोफत द्यायचा असतो. हा हक्क बऱ्याच कुटुंबांना माहीतच नसतो.

दवाखान्यातून घरी नेण्यासारखा सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे दम्याची कृतियोजना. एका पानावर तीन पट्टे. हिरव्यात मूल ठीक आहे, खेळतंय, रात्री झोपतंय. रोजचं औषध चालू ठेवायचं. पिवळ्यात खोकला, शिट्टी, रात्रीची जाग सुरू झाली. तातडीचा पंप किती वेळा, कधी डॉक्टरांना फोन करायचा ते लिहिलेलं. लाल म्हणजे तातडीचं औषध घेऊनही आराम नाही. मूल एक वाक्य पूर्ण बोलू शकत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याच्या खळगीतली कातडी आत ओढली जाते, लहान बाळाचं पोट उडतं, ओठ निळसर पडतात. अशा वेळी अमेरिकेत ९११, भारतात १०८ किंवा ११२. एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी. जोराने वाजणारी शिट्टी अचानक थांबली आणि मूल मात्र मलूल होतंय, तर ते बरं झालेलं नाही. हवा आत-बाहेर जाणंच बंद पडत चाललंय. हा कागद घरच्यांच्या भाषेत असावा, फ्रिजवर लावावा, आणि त्याची एक प्रत शाळेत द्यावी.

दारात येणारी बाई

दवाखान्यातल्या पंधरा मिनिटांत हे सगळं मावत नाही. म्हणून लॅटिनो वस्त्यांत 'प्रोमोतोरा' नावाची व्यवस्था उभी राहिली. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली आरोग्य-कार्यकर्ती. आपल्या आशाताई डोळ्यांसमोर आणल्या की तिचं काम लगेच कळेल. ती घरी जाते, स्वयंपाकघरात बसते, कॉफी घेते, आणि तोवर तिची नजर घरभर फिरत असते.

सिंकखालचं कपाट ती उघडायला सांगते. तिथे पाइप भिंतीत शिरतो त्याभोवती बोटभर भोक असतं, बाजूला ओल, आणि कोपऱ्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके. ते झुरळांचे. झुरळं ही नुसती किळसवाणी बाब नाही, हे १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. ब्रॉन्क्स आणि ईस्ट हार्लेमसह अमेरिकेतल्या आठ शहरी भागांतली ४७६ मुलं त्यात होती. त्यातल्या ३६.८ टक्के मुलांना झुरळांची ॲलर्जी होती, आणि निम्म्या मुलांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचे ॲलर्जीजनक कण भरपूर सापडले. ज्यांना ॲलर्जीही होती आणि घरात झुरळंही होती, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त होतं.

झुरळं दिसली की आई काय करते? फवारा मारते. भरपूर मारते. त्या फवाऱ्यानेच मुलाचा श्वास अडतो. प्रोमोतोरा तिला झुरळं मारणारं जेल लावायला शिकवते: कोपऱ्यात, बिजागरीजवळ, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी छोटे थेंब. भोकं बुजवायची, गळती बंद करायची, रात्री खरकटी भांडी ठेवायची नाहीत, कचरा झाकायचा. उशी-गादीला धुळीचे किडे रोखणारी खोळ घालायची. आणि एक नाजूक विषय: स्वच्छतेचा. लॅटिनो घरांत घर लखलखीत असणं हा आईच्या अभिमानाचा भाग असतो, आणि लखलखीत म्हणजे ब्लीच आणि उग्र सुगंधी द्रावणांचा वास. तो वास दम्याच्या मुलाला सोसत नाही. 'तुमच्या साफसफाईने मूल आजारी पडतंय' असं एखाद्या परक्याने म्हटलं तर घाव बसेल. शेजारच्या गल्लीतली, स्वतःही तशीच साफसफाई करत मोठी झालेली बाई म्हणते, 'मी आता साबण आणि पाणीच वापरते, बघा', तेव्हा ते ऐकलं जातं.

बोस्टनच्या बालरुग्णालयाने २००५ मध्ये घरभेटींचा असा एक उपक्रम सुरू केला. त्यातली बहुतेक मुलं लॅटिनो आणि कृष्णवर्णीय, गरीब वस्त्यांतली. परिचारिका आणि कार्यकर्त्या घरी जात, शिकवत, गाद्यांच्या खोळी आणि झुरळांसाठीचं साहित्य देत. वर्षभरानंतर, दम्यासाठी तातडीच्या विभागात यावं लागलेल्या मुलांचं प्रमाण ६८ टक्क्यांनी घटलं आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं जवळजवळ ८५ टक्क्यांनी. हे आकडे आधी आणि नंतर यांच्या तुलनेतून आले आहेत. सगळ्यात वाईट काळात उपक्रमात आलेली मुलं काही प्रमाणात आपोआपही सावरली असती, हे ध्यानात ठेवायला हवं. ते धरूनही फरक मोठा आहे. खर्चाचा हिशोब मांडला तेव्हा एका डॉलरमागे १.४६ डॉलर वाचले.

पोर्तो रिको बेटावरही ग्लोरिसा कानिनो आणि सहकाऱ्यांनी 'काल्मा' नावाचा, तिथल्या संस्कृतीला साजेसा घरभेटींचा कार्यक्रम आखला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्यातल्या मुलांचा दमा जास्त आटोक्यात आणि तातडीच्या विभागातल्या खेपा कमी असं दिसलं. त्याच बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ धडकलं आणि काही भागांत महिनोन् महिने वीज नव्हती. औषधाचे बारीक तुषार करून देणारं, विजेवर चालणारं नेब्युलायझर हेच दम्याचं खरं औषध, असं मानणाऱ्या घरांचे तेव्हा फार हाल झाले. पंप आणि स्पेसर यांनी नीट घेतलेलं औषध मुलांमध्ये नेब्युलायझरइतकंच काम करतं, आणि त्याला वीज लागत नाही. घरात स्पेसर असणं आणि तो वापरता येणं ही वादळाच्या आधीची तयारी आहे.

जे आईच्या हातात नाही

इथे मला थोडं थांबून रागाने बोलावंसं वाटतं. भिंत ओली असेल, छतावर काळी बुरशी चढलेली असेल आणि घरमालक फोन उचलत नसेल, तर आईला किती शिकवणार? दक्षिण ब्रॉन्क्सच्या मॉट हेवन भागाला लोक 'दम्याची गल्ली' म्हणतात. चहूबाजूंनी महामार्ग, दिवसरात्र ट्रक. ती हवा कुठल्याही माहितीपत्रकाने सुधारत नाही.

न्यूयॉर्कमधल्या सरकारी घरांतल्या रहिवाशांनी चर्च आणि वस्ती-संघटनांच्या मदतीने दावा लावला. दमा हे अपंगत्व आहे, आणि बुरशी न काढणं म्हणजे अपंगांचा हक्क डावलणं, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०१३ मध्ये तडजोड झाली: बुरशीची साधी दुरुस्ती ७ दिवसांत, गुंतागुंतीची १५ दिवसांत. पुढे ती पाळली जात नाही म्हणून रहिवाशांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं. २०१८ मध्ये शहराने कायदा केला, त्यानुसार तीन किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींच्या मालकांनी दरवर्षी बुरशी, झुरळं, उंदीर यांची तपासणी करायची आणि मूळ कारणासकट ती दूर करायची. चांगला शिक्षक हा कायदाही शिकवतो. तक्रार कुठे करायची, फोटो कसे काढायचे, डॉक्टरांचं पत्र कसं जोडायचं, हेही दमाशिक्षणच आहे.

कागदपत्रं नसलेल्या आईला मात्र तक्रारीचीच भीती वाटते. २०१९ मध्ये सरकारने नियम कडक केले, की सरकारी मदत घेणाऱ्यांना पुढे कायमचं वास्तव्य नाकारता येईल. मुलांचा सरकारी आरोग्यविमा त्या नियमात मोजला जाणार नव्हता. तरीही भीतीने अनेक कुटुंबांनी मुलांची नावं काढून घेतली. नियम २०२१ मध्ये मागे घेतला गेला, पण भीती नियमाबरोबर जात नाही. कॅलिफोर्नियाने याच्या उलट दिशा धरली होती: मे २०१६ पासून तिथे १९ वर्षांखालच्या प्रत्येक गरजू मुलाला, त्याचे कागद काहीही असोत, राज्याचा आरोग्यविमा मिळतो.

औषधाचीही कथा तशीच. लहान मुलांसाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं दिला जाणारा 'फ्लोव्हेंट' हा स्टिरॉइडचा पंप १ जानेवारी २०२४ पासून त्या नावाने बंद झाला. तेच औषध दुसऱ्या नावाने उपलब्ध होतं, पण अनेक विमा योजना त्याचे पैसे देत नव्हत्या. ज्या आईला मोठ्या मुश्किलीने रोजच्या पंपाचं महत्त्व पटलं होतं, तिला औषधदुकानात 'हे आता मिळत नाही' असं ऐकावं लागलं.

शाळेबद्दल थोडक्यात. कोलंबिया विद्यापीठात १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या गरीब लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी तयार झालेला शालेय कार्यक्रम पुढे अमेरिकन लंग असोसिएशनने देशभर नेला. ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी चाळीस मिनिटांचे सहा तास, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. मुलं त्यात स्वतःची लक्षणं ओळखायला शिकतात. स्वतःचा पंप शाळेत जवळ बाळगण्याची मुभा देणारे कायदे आता सगळ्या ५० राज्यांत आहेत. सप्टेंबर जपायचा: सुट्टी संपून शाळा भरली की सर्दीचे विषाणू वर्गभर फिरतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात दम्याचे अटॅक कळसाला पोचतात. उन्हाळ्यात मूल बरं होतं म्हणून सोडून दिलेलं रोजचं औषध ऑगस्टमध्येच पुन्हा सुरू झालेलं बरं. न्यू जर्सी, टेक्सासमधल्या मराठी आईबाबांनाही हे तितकंच लागू आहे.

राहता राहिला पैशांचा प्रश्न. प्रोमोतोरांचा पगार बहुतेक वेळा अनुदानातून येतो; अनुदान संपलं की तीन वर्षं ज्या घरांत त्यांनी विश्वास कमावला तिथे जाणं थांबतं. गरिबांच्या सरकारी विम्यातून त्यांना पैसे देण्याची वाट २०१४ पासून केंद्राच्या नियमांनी मोकळी केली, पण ती वापरायची की नाही हे राज्यांवर सोडलं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२२ पासून घरी येऊन दिलेलं दमाशिक्षण आणि घरातल्या त्रासदायक गोष्टींची पाहणी या दोन्हींचा राज्याच्या विम्यात समावेश केला. बाकीच्या राज्यांतल्या कुटुंबांनी मुलाच्या डॉक्टरांना सरळ विचारावं: आमच्या विम्यात घरभेट बसते का, आणि नसेल तर कुठल्या संस्थेची कार्यकर्ती आमच्याकडे येऊ शकेल?